वडिलांच्या रकान्यातली रेघ

प्रिय ताई,

माझं माहेर अमरावतीचं. लग्नानंतर इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या ओल्डमला राहते. नवरा इथलाच, इंग्रज. मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला शाळेतून घराण्याची वंशावळ करून आणायला सांगितली. माझ्या बाजूचं एका फोनवर भागलं. बाबांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला आणि खापरपणजोबांच्याही मागची नावं मिळाली. सासरचं मात्र कुणालाच फारसं ठाऊक नव्हतं, आणि सासरे गेल्या वर्षी वारले. म्हणून मी एका साइटवर वंशवृक्ष सुरू केला. दोनच संध्याकाळींत तो थेट 1066 साली फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांपैकी एका सरदारापर्यंत जाऊन पोहोचला! नवरा इतका खूश झाला की आमच्या आडनावाची ढाल छापलेली पाटी विकत आणून त्याने दिवाणखान्यात लावली.

पण सासऱ्यांच्या कागदांत त्यांच्या आजोबांचा जन्मदाखला सापडला. तारीख नोव्हेंबर 1888 ची, जन्मठिकाण ‘युनियन वर्कहाउस, ओल्डम’ (म्हणजे निराधार गरिबांना ठेवायचं घर), आणि वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ. साइटवरच्या झाडात मात्र त्यांना वडील आहेत, चेशायरमधले कुणी जमीनदार. मी हे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला विचारलं. आत्याबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “जुनं उकरू नकोस.” तेव्हापासून फोनवरही तुटक बोलतात. आता खरं काय मानायचं? डीएनए तपासणी करावी का? आणि मुलाच्या वहीत काय लिहायचं?

— वऱ्हाडची लेक

प्रिय वऱ्हाडच्या लेकी,

दाखला खरा आणि झाड खोटं, हे आधी सांगून टाकते. दाखला 1888 साली, बाळ जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारी निबंधकाने लिहिला. माहिती देणाऱ्याला त्या बाळंतपणाची प्रत्यक्ष खबर होती. साइटवरचं झाड अनोळखी लोकांनी एकमेकांचं बघून जोडत नेलेलं असतं. कुणीतरी चेशायरमधल्या जमीनदार घराण्याच्या झाडात त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा मुलगा पाहिला, ‘हाच तो’ म्हणून जोडला, आणि पुढच्या शंभर जणांनी ती जोडणी उचलली. आपल्याकडे सोयरीक जुळवताना नुसतं आडनाव सारखं निघालं म्हणून कुणी भाऊबंद मानत नाही, गाव आणि घर विचारतं. इथेही तेच विचारायला हवं. इंग्लंडात साधं नाव आणि साधं आडनाव असेल, तर एका जिल्ह्यात एकाच वर्षी त्या नावाची तीन-चार बाळं सहज नोंदलेली सापडतात.

हे तू स्वतः ताडून पाहू शकतेस. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. तिच्यातली जन्म-मृत्यूंची सूची जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कचेरीच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट शोधता येते. जन्माच्या सूचीत बाळाच्या नावापुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. आई अविवाहित असेल तर तिथे आडवी रेघ दिसते. ओल्डम जिल्हा, 1888 ची शेवटची तिमाही, असं घालून बघ. नोंद उशिरा झाली असेल तर 1889 ची पहिली तिमाहीही बघ, कारण नोंदणीला सहा आठवड्यांची मुदत असे. मग चेशायरमधला तो दुसरा मुलगाही शोध. त्याच्या नावापुढे आईचं वेगळं आडनाव दिसेल, म्हणजे तो वेगळा माणूस. त्याची पुढची नोंद, लग्न किंवा मृत्यू, सापडली की शंकेला जागाच उरत नाही. झाडातला तो दुवा तू आपल्या प्रतीतून काढून टाक. त्याच्यावरचं सगळं, अगदी नॉर्मन सरदारासकट, आपोआप गळून पडेल.

आता त्या रेघेकडे नीट बघू. वाचणाऱ्याला वाटतं, आईला बाप कोण ते माहीत नव्हतं, किंवा तिने लपवलं. रेघेतून यातलं काहीच निघत नाही. 1874 च्या कायद्याप्रमाणे, लग्न झालेलं नसेल तर बापाचं नाव लिहिण्यासाठी त्याने स्वतः आईबरोबर निबंधकासमोर येऊन सही करणं भाग होतं. तो आला नाही, की निबंधक रेघ ओढणार; आईने शंभरदा नाव सांगितलं तरी. त्या दिवशी त्या टेबलापाशी एक माणूस आला नाही, इतकंच ती रेघ सांगते. हे आत्याबाईंना कुणी कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच दाखल्यात रेघेच्या शेजारी एक भरलेला रकाना आहे आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आईचं नाव. अविवाहित आई असेल तर तिच्या नावापुढे बहुधा तिचा धंदा लिहिलेला असतो. ओल्डममध्ये तो कापसाच्या गिरणीतला असण्याची शक्यता फार मोठी. कधी कधी तिच्या राहत्या गल्लीचं नावही असतं. शेवटच्या रकान्यांत माहिती कुणी दिली ते असतं. सहीच्या जागी फुली असेल, तर ती बाई लिहू शकत नव्हती. हे सगळं भिंगाखाली वाचून आधी वहीत उतरवून घे. तुमच्या घराण्याचा शोध तिच्यापासून सुरू होतो.

वर्कहाउसबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आत्याबाईंच्या गप्प होण्यात तो शब्द आहेच. 1834 च्या गरीब कायद्याखाली ठिकठिकाणी अशी घरं उभी राहिली. तिथे कुटुंबांची ताटातूट करत, कामाला जुंपत, आणि लोकांनी शक्यतो येऊच नये अशी तिथली वागणूक असे. पण लग्न न झालेल्या गरोदर मुलीला बाळंतपणाची खोली, सुईण आणि दोन वेळचं अन्न फुकट मिळण्याची दुसरी जागा बहुतेक गावांत नव्हती. घरी दोन खोल्यांत आठ-दहा माणसं, गिरणीची मजुरी बंद, आणि दिवस भरत आलेले. अशा अवस्थेत ती तिथे गेली, बाळ जिवंत घेऊन बाहेर आली, आणि ते बाळ वाढून तुझ्या नवऱ्याचं पणजोबा झालं. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. लाज त्या व्यवस्थेची.

ओल्डमचं वर्कहाउस रॉचडेल रोडला होतं. त्याच जागेवर आज रॉयल ओल्डम हॉस्पिटल आहे. इंग्लंडातली बरीच वर्कहाउसं 1930 नंतर अशीच इस्पितळं झाली. पण म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं त्या दारातून आत जायला घाबरत. आत्याबाईंच्या लहानपणी ती धास्ती घराघरांत जिवंत होती. शिवाय त्यांना ते आजोबा आठवत असणार. तुझ्यासाठी तो 1888 चा कागद आहे आणि त्यांच्यासाठी मांडीवर घेणारा माणूस. हा फरक मनात धरून त्यांच्याशी बोल. ते कसं, ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट. बाप नोंदलेला नाही, म्हणजे तुमचं आडनाव त्या आईचं. तुझ्या मुलाच्या शाळेच्या दप्तरावर जे आडनाव आहे ते त्या गिरणीतल्या मुलीने दिलेलं आहे, कुणा जमीनदाराने नाही. आपल्या वह्यांमध्ये आणि कुलवृत्तांतांमध्ये लेकी-सुनांची नावं अनेकदा गाळलेली असतात. तुझ्या बाबांनी पाठवलेल्या पानावर बायकांची नावं किती आहेत, ते मोजून बघ. तुमच्या सासरच्या वंशावळीत मात्र एका पिढीची सगळी भिस्त एका बाईवर आहे. तिला शोधायचं हेच मी मुख्य काम मानेन.

शोधायचं जनगणनेत. इंग्लंडची जनगणना 1801 पासून दर दहा वर्षांनी होते, पण माणसांची नावं देशभर 1841 पासून नोंदलेली सापडतात. तुला आधी लागेल 1891 ची. एप्रिलच्या सुरुवातीला झाली ती, तेव्हा बाळ दोन वर्षांचं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, या रकान्यात तो ‘नातू’ म्हणून आजी-आजोबांच्या घरी सापडावा अशी माझी अपेक्षा आहे. ‘मुलगा’ लिहिलेलं सापडलं तरी गोंधळू नकोस. लेकीचं बाळ आजी आपलंच म्हणून वाढवी आणि गणनेवाल्यालाही तसंच सांगे, अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. आजी पन्नाशीला आलेली आणि धाकटं लेकरू दोन वर्षांचं, घरात वीस-बावीस वर्षांची अविवाहित लेक, असं चित्र दिसलं की ओळखायचं. नाहीच सापडला, तर आईचं नंतर लग्न झालं असेल; मग तो सावत्र बापाच्या आडनावाखाली लपलेला असतो. त्यासाठी आडनाव न घालता नुसतं पहिलं नाव, वय आणि जन्मगाव ओल्डम घालून शोध. स्पेलिंगवरही अडून बसू नकोस, गणनेवाला कानाला ऐकू येईल तसं लिहीत असे.

तिथून मागे 1881 ला जा. त्या गणनेचं उतारारूप फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यात ती मुलगी आई-वडिलांच्या घरी पंधराएक वर्षांची दिसेल आणि तिचे वडील, म्हणजे तुमची आणखी मागची पिढी, तिथे सापडतील. पुढे 1901 ला आलीस तर तिचा मुलगा बारा वर्षांचा. 1899 च्या कायद्याने गिरणीत अर्धवेळ कामाचं किमान वय बारा केलं होतं, तेव्हा त्याच्यापुढे ‘हाफ टाइमर’ लिहिलेलं दिसलं तर नवल वाटायला नको. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी. हे तुझ्या दहा वर्षांच्या मुलाला जरूर दाखव. 1911 चे कागद तर घरातल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी भरलेले आहेत. लग्न झालेल्या बाईला त्यात विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत, किती गेली. त्या चार आकड्यांत एका बाईचा सगळा संसार असतो. त्या मुलीचं पुढे लग्न झालं असेल, तर तिचे आकडे तिथे असतील. 1921 च्या गणनेत मालकाचं नाव आणि कामाची जागाही लिहून घेतली होती, म्हणजे नेमकी गिरणी कोणती तेही कळू शकतं. ही गणना 2022 च्या जानेवारीत खुली झाली, तेव्हा ती मोफत पाहण्याच्या ठिकाणांत मँचेस्टरची सेंट्रल लायब्ररीही होती. तुझ्या गावाहून ट्रॅमने जाण्यासारखं आहे ते. त्यानंतरची 1931 ची गणना 1942 साली आगीत जळाली आणि 1941 ची युद्धामुळे झालीच नाही. त्या काळासाठी सप्टेंबर 1939 ची नोंदवही वापरतात, युद्ध सुरू होताच ओळखपत्रांसाठी केलेली. तिच्यात जन्मतारखाही आहेत.

त्या मुलीच्या आई-वडिलांच्या पिढीशी तुझं स्वतःचंही नातं आहे, म्हणून थोडं थांबते. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना येणारा अमेरिकन कापूस बंद पडला. 1865 पर्यंत तिथे कापसाचा दुष्काळ होता. गिरण्या बंद, माणसं मदत समित्यांच्या दारात. त्या वेळी मुंबईहून जहाजं भरभरून कापूस लिव्हरपूलला गेला आणि त्यात वऱ्हाडचा कापूस होता. लिव्हरपूलच्या दलालांच्या भावपत्रकात त्याची जात ‘उमरावती’ या नावाने लागत असे, तुझ्या गावाच्या नावाने. कामगारांना तो आवडत नसे. धागा आखूड, कचरा फार, सूत सारखं तुटायचं, आणि मजुरी मालाच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे हातात पैसे कमी यायचे. भारतातून येणाऱ्या मालाला ते सरसकट ‘सुरत’ म्हणून शिव्या घालत. त्याच कापसाच्या भावाने मुंबईत शेअरबाजार चढला आणि 1865 ला कोसळला. तुमच्या त्या मुलीची आई 1863 साली ओल्डमच्या गिरणीत तुटलेले धागे सांधत असेल, तर अमरावतीकडचं सूत तिच्या बोटांतून गेलं असण्याची पुरेपूर शक्यता आहे. मुलाच्या वहीत दोन्ही घराणी एका पानावर आणायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

1837 च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. थॉमस क्रॉमवेलने 1538 ला हुकूम काढून प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, बारसं, लग्न आणि दफन लिहून ठेवायला लावलं. सगळ्या ठिकाणच्या वह्या तेव्हापासूनच्या टिकलेल्या नाहीत आणि 1640 ते 1660 च्या, यादवीच्या आणि त्यानंतरच्या राजाविना कारभाराच्या काळात मोठी खिंडारं आहेत. 1754 पासून लग्नाच्या नोंदी वेगळ्या आणि सह्यांसकट, 1813 पासून बारशाच्या नोंदी छापील रकान्यांत, बापाच्या धंद्यासकट. 1752 पर्यंत इंग्लंडचं वर्ष 25 मार्चला बदलत असे, त्यामुळे फेब्रुवारी 1720 असं लिहिलेलं बारसं आपल्या हिशेबाने 1721 चं असतं. ही एक गोष्ट लक्षात नसल्याने लोक आईच्या लग्नाआधी मूल जन्मलं असं समजून बसतात. ओल्डमसारख्या गिरणगावात मेथडिस्ट आणि इतर वेगळ्या पंथांचे लोक भरपूर होते, तेव्हा गावच्या मुख्य चर्चमध्ये नाव मिळालं नाही तर त्यांच्या चॅपेलच्या वह्या बघायच्या. लँकेशायरच्या पॅरिशांतल्या नोंदी स्वयंसेवकांनी उतरवून ‘लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स’ या नावाने फुकट ठेवल्या आहेत. ओल्डम 1974 पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये आहे, पण जुन्या कागदांसाठी नेहमी लँकेशायर समजूनच शोध.

आणि 1538 च्या मागे? साध्या माणसांचा माग बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी अलीकडेच तुटतो. 1538 ते 1066 मध्ये पावणेपाचशे वर्षं आहेत, आणि त्या काळात कागदावर येत ती जमीन असलेली, कर भरणारी, खटले लढणारी घराणी. शिवाय इंग्लंडात पिढीजात आडनावं रुळली तीच मुळी नॉर्मन लोक आल्यानंतरच्या तीनेकशे वर्षांत. गिरणी कामगाराचं झाड दोन संध्याकाळींत 1066 ला पोहोचलं, तर कुठेतरी उडी मारलेली आहे असंच समजायचं.

ढालीचं नवऱ्याला हळुवारपणे सांग. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला दिलं जातं आणि त्याच्या वंशजांकडे चालत येतं. ते काम 1484 साली स्थापन झालेलं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स बघतं. त्या आडनावाचा कुणी एक माणूस कधीकाळी ढालीचा मानकरी होता, एवढ्यावरून बाजारात पाट्या विकल्या जातात. त्याला पाटी आवडत असेल तर राहू दे भिंतीवर, पण वहीत ती काढायला लावू नका.

आता बापाचं. कागदांतून तो सापडणारच नाही असं समजू नकोस. 1844 पासून अविवाहित आईला स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन बापाकडून पोटगी मागता येत असे. अशा खटल्यांच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत नावानिशी येत. ओल्डमच्या स्थानिक अभिलेखागारात 1888 आणि 1889 ची ओल्डम क्रॉनिकल बघायला माग, आणि मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाच्या वह्या व वर्कहाउसच्या दाखल-खारीज नोंदी कुठे ठेवल्या आहेत तेही तिथेच विचार. बाळाला मधलं नाव आडनावासारखं दिलं आहे का, ते बघ. बापाचं आडनाव असं मधे घालून ठेवायची पद्धत होती. ते बाळ मोठं झाल्यावरचा त्याचा लग्नाचा दाखलाही मागव. तिथे वधू-वरांच्या वडिलांचं नाव विचारत आणि लग्नाशिवाय जन्मलेली माणसं कधी रकाना कोरा ठेवत, कधी आजोबांचं नाव देत, कधी लाज राखायला एखादं नाव रचत, आणि कधी खरंही सांगत. म्हणून त्या एका कागदावर भरवसा ठेवायचा नाही, दुसऱ्या कागदाशी जुळला तरच घ्यायचं. (त्या दाखल्यांवर आयांची नावं यायला इंग्लंडात मे 2021 उजाडावं लागलं. इतकी वर्षं लेकीच्या लग्नाच्या कागदावर आईला जागा नव्हती, हे मला फार खुपतं.)

डीएनए चालेल, पण कागदांनंतर. तो अनोळखी माणूस आत्याबाईंचा पणजोबा लागतो, म्हणजे त्यांच्यात त्याचा वाटा सरासरी साडेबारा टक्के. तुझ्या नवऱ्यात तो निम्मा, सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून अशा शोधात घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची चाचणी सर्वांत मोलाची असते. नवऱ्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी आत्याबाईंकडे नाही: बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र. तुझ्या नवऱ्यापासून 1888 च्या त्या बाळापर्यंत सगळी साखळी पुरुषांची आहे, त्यामुळे त्याचं वाय गुणसूत्र त्या न आलेल्या माणसाचंच. त्याच्या चाचणीत एकाच आडनावाची माणसं वारंवार जुळली, तर ते आडनाव घेऊन 1888 च्या ओल्डममध्ये त्या मुलीच्या गल्लीत, तिच्या गिरणीत शोधता येतं. किती टक्के अमुक देशाचे आणि किती टक्के तमुक, हे रंगीत नकाशे मात्र या कामाला निरुपयोगी आहेत. तिकडे लक्ष देऊ नकोस. काम असतं ते जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीचं. आणि त्या यादीत नको ती माहितीही निघू शकते, अगदी जवळच्या पिढीतली. लाळ पाठवण्याआधी नवरा-बायकोंनी यावर बोलून घ्या.

आत्याबाईंकडे मात्र आधी माफी मागायला जा, प्रश्न घेऊन जाऊ नकोस. फोनवर नाही, घरी जा, मुलाला घेऊन. “तुमचं मन दुखावलं, मला कळलं नाही,” एवढं म्हणून थांब. मग त्या रेघेचा कायदा सांग, की त्या दिवशी बाप आला नाही म्हणून निबंधकाला रेघ ओढावीच लागली, त्यात तुमच्या आजोबांच्या आईचा काही दोष नाही. हे ऐकल्यावर त्या बोलतील किंवा बोलणार नाहीत. बोलल्या, तर जन्माबद्दल विचारू नकोस. आजोबा कुठल्या गिरणीत होते, रविवारी काय करायचे, आजोबांची आई आत्याबाईंना आठवते का, ती कशी दिसायची, हे विचार. ही माहिती कुठल्याही साइटवर मिळायची नाही आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईकडे ती आज आहे. त्यांच्या परवानगीने मोबाइलवर आवाज भरून घे आणि कुणी कधी सांगितलं ते तारखेसह लिहून ठेव. घरचे फोटो असतील तर मागच्या बाजूला लिहिलेलं वाच, आणि मऊ पेन्सिलीने नावं लिहून द्यायला त्यांनाच सांग.

साइटवरचं तुझं झाड खाजगी करून ठेव. हयात माणसांची नावं आणि तारखा लोकांसमोर ठेवायच्या नसतात, आणि वर्कहाउसचा तो दाखला आत्याबाईंच्या हयातीत त्यांना विचारल्याशिवाय कुठेही चढवू नकोस. ज्या झाडातून चूक आली त्याच्या मालकाला दोन ओळींचा सभ्य निरोप टाक, जन्मसूचीतला उल्लेख देऊन. बरेच जण सुधारतात.

राहिली मुलाची वही. दहा वर्षांच्या मुलाला खरं सांगता येतं: “बाबांच्या पणजोबांच्या आईने त्यांना एकटीने जन्म दिला, ती ओल्डमच्या कापसाच्या गिरणीत काम करायची, आणि आपलं आडनाव तिचं आहे.” त्या पिढीत बापाच्या जागी चौकट काढून ती कोरी ठेवायला सांग, बाईंनी विचारलं तर “अजून शोधतोय” म्हणायचं. पण शाळेत काय दाखवायचं ते आत्याबाईंशी बोलून झाल्यावर ठरव. त्यांना नको असेल, तर वहीत आजोबांपर्यंतच थांबा, शाळेला तेवढं पुरतं. त्याच्या झाडावर प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात ते कुठल्या कागदावरून घेतलं तेही लिहून घे.

पैसे खर्च करायचे तर आधी दोन दाखल्यांवर कर: 1888 च्या त्या मुलाचा लग्नाचा आणि त्याच्या आईचा मृत्यूचा. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर खबर देणाऱ्याचं नाव असतं आणि त्याचं तिच्याशी नातंही बहुधा लिहिलेलं असतं. तिथे मुलाचं नाव निघालं, तर शेवटपर्यंत तो तिच्याजवळ होता हे कळेल. साइटची वर्गणी लगेच भरू नकोस, गावच्या वाचनालयात त्या बहुधा फुकट वापरायला मिळतात. आणि डीएनएचं किट आत्याबाईंच्या हातात ठेवायची घाई नको. त्या नाही म्हणाल्या, तर तो विषय तिथेच सोड. 1891 च्या गणनेपासून मागे-पुढे अजून बरंच काम तुझ्यासमोर आहे.

— तुझी ताई